डाव्या पायाचा बूट

परवा रविवारी बूट घ्यायला गेले होते... इथेच जबलपूरला, गोरखपूर भागातल्या बाजारात. घरापासून रस्ता सात मिनिटांचा. मला पंचवीस लागली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गेल्या वर्षी रांझीच्या रस्त्यावर एका ट्रकने माझ्या स्कूटीला धडक दिली. उजव्या पायात रॉड घातला, तो वाचला. डावा गुडघ्याखाली काढावा लागला. चार महिन्यांपासून तिथे कृत्रिम पाय आहे.

सुरुवातीला घरात माणसं मावत नव्हती. कॉलेजचा स्टाफ, शेजारी, नागपूरहून आई... आई दोन महिने राहिली, मग तिचेच गुडघे बोलायला लागले. आता दोन-चार दिवसांनी तिचा फोन येतो. "काय करून राहिली? जेवली का?" मी म्हणते, जेवले. बस, तेवढंच.

कॉलेजात सगळे चांगलेच वागतात. पण बोलताना फक्त माझ्या चेहऱ्याकडे बघतात... चुकून नजर खाली गेली, तर तेच ओशाळतात.

दुकानात शिरले आणि बूट दाखवा म्हणताना आवाज एकदम घोगरा आला. मग लक्षात आलं, शनिवारी दुपारी कॉलेज सुटल्यापासून मी कोणाशी बोललेच नव्हते.

दुकानदार साठीचे असतील. एक जोड माझ्यासमोर ठेवून ते दुसरे डबे काढायला शिडीवर चढले, तेवढ्यात मी घाईघाईने बूट चढवले. कृत्रिम पाऊल घोट्यात वाकत नाही, ते बुटात घालणं म्हणजे झटापटच. कोणी बघू नये असं वाटतं.

ते उतरले, खाली बसले आणि सवयीने डाव्या बुटाचं टोक अंगठ्याने दाबलं. "दीदी, यहाँ लग तो नहीं रहा?"

काय सांगणार... "नहीं भैया, ठीक है."

"थोड़ा चलके दिखाइए."

मी आरशापर्यंत जाऊन आले. ते माझ्या पायांकडेच बघत होते. "बाएँ में एड़ी उठ रही है. आपको पता नहीं चल रहा?"

तेव्हा सांगून टाकलं. सलवार जराशी वर केली. "ये पैर नकली है भैया. इसमें मुझे कुछ पता नहीं चलता."

आता 'अरेरे' येणार, मग 'कैसे हुआ' येणार, या तयारीत मी उभी राहिले. त्यांनी स्टूल पुढे ओढलं. मग म्हणाले, "तो फिर आपके बदले मुझे देखना पड़ेगा. बैठिए."

पुढचा अर्धा तास त्यांनी खरंच बघितलं. टाचेची उंची जुन्या बुटाएवढीच हवी, नाहीतर गुडघ्यावर जोर येतो, असं मी सांगितलं, तर गल्ल्यातून पट्टी काढून एकेक टाच मोजली. बुटात बोट घालून कुठे घट्ट, कुठे सैल ते तपासलं. उजव्यालाही तेवढाच वेळ दिला. मध्येच एक जोडपं आलं, त्यांना म्हणाले, "दो मिनट. पहले दीदी का हो जाए."

सातवा जोड बसला.

निघताना म्हणाले, "आठ दिन पहनके आ जाइए. कहीं घिस रहा होगा तो मैं देख लूँगा."

घरी आल्यावर नवे बूट घालून स्वयंपाकघरापर्यंत दोन फेऱ्या मारल्या. बघायला कोणी नव्हतं. नेहमी अशा वेळी वाईट वाटतं... त्या दिवशीही वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण 'कशी आहेस' असं मला इतक्या जणांनी विचारलंय. या पायाला बूट लागतो का, हे पहिल्यांदाच कोणी विचारलं. तेव्हापासून हा पाय जरासा माझा वाटायला लागलाय.

येत्या रविवारी परत जायचंय. बूट अगदी छान बसलेत, कुठेच घासत नाहीत... तरी जाणार आहे.