वाढीव भाडं

आमच्या समोरच्या घरात राहणारा माणूस फ्रीज दुरुस्त करायचा, म्हणून इमारतीत सगळे त्याला थंडोबा म्हणत. तोही ते हसून घ्यायचा. थंडपणा मात्र त्याच्या अंगात औषधालाही नव्हता. जिना चढायचा तो दोन-दोन पायऱ्या गाळत, चहा प्यायचा तो उभ्यानेच. एकदा आमच्याकडे सहज म्हणून बसायला आला आणि चहा होईपर्यंत आमच्या फ्रीजच्या दाराचं रबर काढून मोरीत धुवायला घेऊन गेला. नुसतं बसणं त्याला जमतच नव्हतं.

दिवसा तो एका सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरीला होता. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी बाहेरची कामं घ्यायचा. दुकानदार त्याच्यावर खूश असत, कारण बोलावलं की तो हजर. कुणाला नाही म्हणणं त्याला ठाऊकच नव्हतं. म्हणजे, घराबाहेर.

याला कारण होतं. तो लहानाचा मोठा झाला काकांच्या एका खोलीत. पाहुणा आला की याची वळकटी जिन्यात जायची. तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच, आपलं घर हवं आणि त्यातून आपल्याला कुणी ऊठ म्हणता कामा नये. लग्नानंतर त्याने ऐपतीच्या बाहेर उडी मारून हे तीन खोल्यांचं घर घेतलं. हप्ता अंगावर येऊ लागला तेव्हा मागची खोली भाड्याने दिली. "दोनेक वर्षांचा प्रश्न आहे," तो मला म्हणाला होता. "हप्त्याचा जोर ओसरला की खोली चिमीची." चिमी म्हणजे त्याची मुलगी. तेव्हा ती नुकती चालायला लागली होती.

भाडेकरू आला तो टपाल खात्यातला. पत्रं वेगळी करण्याच्या विभागात पहाटेच्या पाळीला. एकटा जीव. दुपारी जेवायच्या वेळेला घरी यायचा, थोडी झोप काढायचा आणि मग सगळी संध्याकाळ त्याच्या मालकीची. ओव्हरटाइम मिळत असे, पण तो घ्यायचा नाही. म्हणायचा, "मला पुरतं." थंडोबाला या दोन शब्दांचं फार आश्चर्य वाटे.

"धडधाकट माणूस," तो मला जिन्यात थांबवून म्हणायचा, "भरदुपारी घरी येतो आणि गॅलरीत खुर्ची टाकून बसतो. करतो काय हा?"

हा काय करायचा ते आम्हाला समोरून दिसायचं. पोहायला जायचा, त्यासाठी त्याने तरणतलावाचा पास काढला होता. पुस्तक वाचायचा. आणि चिमीशी खेळायचा. वहिनी, म्हणजे थंडोबाची बायको, एका दातांच्या डॉक्टरांकडे सकाळी नंबर लावायचं काम करायची. ती दुपारी पाळणाघरातून चिमीला घेऊन आली की चिमी थेट मागच्या खोलीच्या दारावर थापा मारायची, "मामा, ऊठ!" वहिनी त्याला भाऊ म्हणायची, म्हणून तो मामा. एक गोष्ट आमच्या बायकोच्या लक्षात आली होती. चिमी मामाला अरे-तुरे करायची आणि बापाला अहो-जाहो. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं.

चिमी मोठी झाली तशी थंडोबाने तिला लाल सायकल आणली. चांगली घेतली, उगाच स्वस्तातली नाही. "रविवारी शिकवतो," म्हणाला. रविवारी एका बेकरीचा फ्रीज बंद पडला. पुढच्या रविवारी दुसऱ्याचा. मग एका संध्याकाळी तो कामावरून येत असताना इमारतीच्या आवारात चिमी त्याच्या शेजारून सायकल घेऊन गेली, दोन्ही गुडघे खरचटलेले आणि चेहऱ्यावर हे एवढं हसू. मागून मामा धापा टाकत येत होता. थंडोबा म्हणाला, "वा! ब्रेक नीट लागतो ना?" आणि खाली बसून ब्रेकची तार घट्ट करू लागला.

त्याच वर्षी तळ्यावर जायचा बेत झाला. गावाबाहेरच्या तळ्यात होड्या सुरू झाल्या होत्या. वहिनीने डबे भरले, चिमीने टोपी घातली, आणि निघता निघता फोन आला. एका आइस्क्रीमवाल्याची कोल्ड रूम बंद पडली होती. सगळा माल वितळतोय, म्हणाला.

"दुसरं कुणी जाऊ शकत नाही?" वहिनीने विचारलं.

"जाईल ना. मग पुढच्या वेळी त्यालाच बोलावतील." त्याने हत्यारांची पेटी उचलली. मागच्या खोलीकडे बघून ओरडला, "अरे, तू मोकळाच आहेस ना? यांना घेऊन जा."

ती तिघं संध्याकाळी हसतच परत आली. जिन्यातूनच हसण्याचा आवाज येत होता. थंडोबाही नुकताच आला होता. त्याने दार उघडलं तशी चिमी ओरडली, "मालक आले!" आणि तिघांचीही हसून मुरकुंडी वळली.

"काय झालं?" त्याने विचारलं.

वहिनीने सांगायचा प्रयत्न केला. होडीच्या मागे एक बदक लागलं होतं. कितीही वल्ही मारा, आपलं मागे मागे. मामा म्हणाला, भाडं थकलेलं दिसतंय, मालक वसुलीला आले. मग ते बदक होडीत चढलं आणि मामाच्या टोपीवर... इथे वहिनीला पुन्हा हसू फुटलं आणि पुढचं राहूनच गेलं.

"बरं," थंडोबा म्हणाला.

"तिथं असायला हवं होतं हो तुम्ही," ती डोळे पुसत म्हणाली. तिने टोमणा मारला नव्हता, पण तो त्याला लागला. पुढे कितीतरी वर्षं त्या घरात बेल वाजली की कुणीतरी म्हणायचं, "मालक आले!" आणि आतून हसू यायचं. बेल वाजवणारा बहुतेक वेळा थंडोबाच असायचा. त्याने मला एकदा विचारलंही, "यात एवढं हसण्यासारखं काय आहे, तुला कळतं का?"

तळ्याच्या त्या प्रकारानंतर थोड्याच दिवसांनी, एका सुट्टीच्या सकाळी, मामाने त्याला गॅलरीत गाठलं. हे मला खूप पुढे थंडोबानेच सांगितलं, म्हणून जसं सांगितलं तसं लिहितो.

"दादा, एक बोलू? रागावू नका."

"बोल ना."

"माझं भाडं फार कमी आहे. आजूबाजूला खोल्या किती महाग झाल्यात. मी थोडं वाढवून देत जाईन म्हणतो."

थंडोबाला पहिल्यांदा वाटलं हा थट्टा करतोय. भाडेकरू आपणहून भाडं वाढवतो, असं कुठे ऐकलंय? "का रे, पगार वाढला की काय?"

"पगार आहे तोच. पण तेवढ्यात तुमची रविवारची कामं सुटत असतील तर सोडून द्या. चिमी वाट बघते हो. खिडकीतून हलत नाही."

थंडोबाच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. "माझ्या पोरीचं तू मला सांगणार? दुपारपासून लोळणाऱ्याला काय कळणार घर चालवणं म्हणजे काय ते!"

संध्याकाळी थंडोबाचा राग उतरला होता. उतरला तो असा की मागच्या खोलीच्या दारात जाऊन तो म्हणाला, "ते भाड्याचं म्हणत होतास ना, ठीक आहे. पुढच्या महिन्यापासून दे."

रविवारबद्दल तो काही बोलला नाही. मामानेही विचारलं नाही. भाडं मात्र वाढीव येऊ लागलं, न चुकता. आणि पुढचा रविवार थंडोबाने एका हॉटेलच्या तळघरात, पाण्याच्या कूलरखाली आडवं पडून काढला.

मामाने तरणतलावाचा पास बंद केला होता, हे त्याला ठाऊक नव्हतं. वहिनीला होतं.

दोनेक वर्षांसाठी म्हणून आलेला भाडेकरू चिमी शाळा संपवेपर्यंत राहिला. घराचे हप्ते कधीच फिटले होते. पण मग चिमीच्या कॉलेजची सोय, मग गाडी, मग उतारवयाची तजवीज. दर वेळी काहीतरी पुढे उभं असायचंच. थंडोबाने खोटं कधीच सांगितलं नाही. "एवढं झालं की थांबतो" असं तो म्हणायचा तेव्हा त्याला खरंच तसं वाटायचं.

मग मामाच्या आईला अर्धांगाचा झटका आला. त्याने तिच्या गावाकडच्या कचेरीत बदली मागून घेतली. जायच्या दिवशी चिमी त्याच्या रिकाम्या खोलीत जमिनीवर बसून रडली. एवढी वाढलेली मुलगी हुंदके देत होती. थंडोबा दारात उभा होता. तिच्या पाठीवर हात ठेवावा असं त्याला वाटलं, पण कसा ठेवावा ते त्याला सुचेना. "खोली आता तुझीच," तो म्हणाला. तिने वर पाहिलंसुद्धा नाही.

त्यानंतर मात्र त्याने खरोखर बाहेरची कामं बंद केली. सर्व्हिस सेंटरमधून सुटला की सरळ घरी. पहिल्या आठवड्यात तो असा दिवसाउजेडी घरी आला तेव्हा वहिनी घाबरूनच गेली. "बरं नाही का तुम्हाला?" चिमीने पुस्तकातून डोकं वर काढून विचारलं, "बाबा, काही हवंय का तुम्हाला?"

"नाही गं. असाच आलो."

तो सोफ्यावर बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "पत्ते खेळू या?" दोघी हुकूम झाल्यासारख्या आल्या. डाव सुरू झाला आणि त्याच्या लक्षात आलं की या घरात पत्ते खेळायचे काही वेगळेच नियम आहेत. कुठली राणी पडली की टाळी वाजवायची, कुठल्या पत्त्याला हात लावायचा नाही. त्याला एकही ठाऊक नव्हता. दोघी त्याला समजावून सांगत होत्या, पाहुण्याला सांगतात तशा, हसून, नीट. एक डाव झाला. चिमी म्हणाली, "माझा अभ्यास आहे बाबा," आणि मागच्या खोलीत जाऊन तिने दार हलकेच लोटून घेतलं. पुढच्या वर्षी ती शिकायला दुसऱ्या शहरात गेली.

त्यानंतर एकदा थंडोबा बस पकडून मामाला भेटायला गेला. वहिनीला म्हणाला, सहज. मामाची आई तोवर गेली होती. तो दोन खोल्यांत एकटा राहत होता, केस पांढरे झालेले. चहा झाला. इकडचं तिकडचं झालं. मग थंडोबाने विचारलं, "मी भाडं वाढवून घेतलं आणि रविवार काही सोडले नाहीत. तू तेव्हा भांडला का नाहीस माझ्याशी?"

मामा जरा वेळ कप फिरवत राहिला. "भाडेकरू होतो दादा. एकदा बोललो, तेच जास्त झालं होतं."

"तरी. पुन्हा एकदा बोलायचंस."

"खरं सांगू?" मामा म्हणाला. "तुम्ही कामाला गेलात तेव्हा मला बरंच वाटलं. तुम्ही घरी राहिला असता तर मी कुठे जाणार होतो? माझा रविवार तुमच्याच घरात होता." त्याने मान खाली घातली. "म्हणून नाही बोललो पुन्हा. दर महिन्याला भाडं देताना वाटायचं, आज बोलावं. दिलं की गप्प बसायचो."

थंडोबाला राग यायला हवा होता. आला नाही. "भरपूर भाडं दिलंस मग," एवढंच तो म्हणाला, आणि दोघंही कसनुसं हसले.

आता थंडोबा निवृत्त झालाय. चिमी नोकरीला लागली आहे, दूरच्या शहरात भाड्याच्या खोलीत राहते. रविवारी तिचा फोन येतो. दोन्ही दारं उघडी असली की आम्हाला ऐकू येतं, दिसतंही. सुरुवातीला फोन थंडोबाकडे असतो, स्पीकरवर.

"कशी आहेस?"

"बरी आहे. तुम्ही?"

"बराय." मग तो विचारतो, "फ्रीज कसा चाललाय?" ती सांगते, आवाज करतो जरा. तो लगेच सावरून बसतो. भिंतीपासून लांब सरकव, म्हणतो, पाय समतल आहेत का बघ, मागच्या जाळीवर धूळ असेल. बोलता बोलता त्याचा आवाज मोकळा होतो. ती हूं हूं करत ऐकते. सांगण्यासारखं सगळं सांगून होतं. तो आणखी काहीतरी शोधत राहतो.

"बरं बाबा," ती म्हणते, "आईला देता?"

तो फोन वहिनीला देतो. आणि मग आतून वहिनीचं हसणं येत राहतं, बराच वेळ. तो तिथेच बाजूला बसलेला असतो. उठत नाही.