दोन पुनवांमधला महिना

लोह्याजवळचं आमचं गाव मी सोडलं ते अठ्ठेचाळीस साली, होळीच्या दिवशी. गावाने होळी रचलीच नव्हती. शेजारचं गाव आदल्या दिवशी रझाकारांनी पेटवलं होतं आणि त्याचा धूर अजून दिसत होता. दवाखान्याचे कंपाउंडर योसेफमामा मिशनची बैलगाडी घेऊन दारात उभे होते. तिच्यावरचा क्रूस बघून रझाकार ती सहसा अडवत नसत.

"आज? आपलं निघायचं ठरलं ते ईस्टरच्या पुनवेचं," बाबा म्हणाले.

"हीच हाय ती. ह्या रविवारी ईस्टर. मी गाडी थांबवू शकत न्हाई."

बाबांचा चेहरा उतरला. मामांचा ईस्टर बहुतेक वर्षी आमच्या हनुमान जयंतीला लागून येई; आमच्याकडचा सुंठवडा खाऊन मामा चर्चला जात. त्याच हिशेबाने बाबांनी माझ्या थोरल्या भावाला, अप्पाला, मुदखेडला आत्याकडे जपून ठेवलं होतं आणि हनुमान जयंतीला परत ये म्हणून बजावलं होतं. त्याला अजून महिना होता. वाटेवर बंदुका असताना निरोप नेणार कोण?

"तुम्ही व्हा फुडं. पोरगं रिकाम्या घरी आलं तर?" बाबा म्हणाले. आई गाडीचं चाक धरून बसली. बाबांनी तिची बोटं ओढून सोडवली आणि आम्हा दोघींना गाडीत ढकललं. मला त्यांचा राग आला. अजून येतो.

लातूरवरून आम्ही निजामाच्या हद्दीपार बार्शीच्या छावणीत पोचलो. चैत्री पुनव उलटल्यावर तिथे अप्पा आला, दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेले. हनुमान जयंतीच्या सकाळीच रझाकार गावात शिरले होते. बाबा कुऱ्हाड घेऊन उंबऱ्यात उभे राहिले. त्यांना तलवारींनी तोडलं आणि वर घर पेटवून दिलं. अप्पा पोचला तेव्हा आढं जळत होतं.

"हाताला लागले तेवढे भाईर काढले," एवढंच तो आईला म्हणाला.

हिशेब कुठे चुकला ते कितीतरी वर्षांनी पुण्यात कळलं. शेजारच्या रिबेकाबाई बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. त्यांच्या वल्हांडणाला, म्हणजे पासओव्हरला, बिनखमिराची भाकर देताना त्या म्हणाल्या, "आमच्यातही तुमच्यासारखा अधिक महिना धरतात गं, म्हणून आमचा सण तुमच्या चैत्री पुनवेच्या आसपास राहतो. ईस्टर मूळचा आमच्याच सणाला लागून. पण ख्रिस्ती लोक मार्चात दिवस-रात्र सारखे झाले की पुढची पहिली पुनव धरतात. एखाद्या वर्षी ती आमच्याआधी महिनाभर येते."

ती भाकर हातात धरून मी ढसाढसा रडले. बाई घाबरल्या; मी सगळं सांगितल्यावर पुनवेला बोल लावू नकोस म्हणाल्या. मी कशाला लावू? माझ्या बापाला माणसांनी मारलं.

गावाकडच्यांनो, घराच्या जागेवर बाभळी माजल्यात, एकदा येऊन बघ, असं तुम्ही म्हणता. मी येणार नाही. त्या जागेत माझं काही उरलेलं नाही. मात्र एखाद्या वर्षी ईस्टर होळीला लागून येतो आणि वल्हांडण हनुमान जयंतीला, तेव्हा मधला तो महिना मी घरी असते. बाबा उंबऱ्यात बसून अप्पाची वाट बघत असतात. अजून जिवंत असतात.