आत्याची चार मिनिटं

मुलीने रिसेप्शनचं फर्मान काढलं: भाड्याचा ऑर्केस्ट्रा नको, आपलीच माणसं कार्यक्रम करतील. हॉल पनवेलचा, पाहुणे तीनशे, आणि आपल्या माणसांना विनवण्या करायचं काम माझं. लग्न जमवताना झाला नाही एवढा ताप मला लग्न आणि रिसेप्शनच्या मधल्या दोन दिवसांत झाला.

नणंदेच्या यजमानांना एक गाणं म्हणा म्हटलं, तर ते कराओकेची तीन गाणी घेऊन बसले. धाकट्या जावेने 'आता कुठे जमतंय मला' असं तीनदा ऐकवलं. चौथ्यांदा मी विचारायच्या आतच तिच्याकडे आठ जणींच्या एकसारख्या साड्या तयार होत्या आणि तिला वीस मिनिटं हवी होती. मान सगळ्यांनाच हवा, आणि तो द्यायला मी एकटी.

त्यात पुण्याच्या विहीणबाई म्हणाल्या, "तुमच्याकडचं काहीतरी पारंपरिक ऐकवा ना." मी ताबडतोब धवल्याचा शब्द देऊन टाकला. धवला म्हणजे आमच्याकडे लग्नात गातात ते गाणं. मांडवाचा वेगळा, हळदीचा वेगळा. उलव्याजवळच्या माझ्या माहेरच्या गावात माझी आत्या धवलारीण, म्हणजे धवले गाणारी. घरातलं एकही लग्न तिच्याशिवाय लागलेलं नाही. माझंसुद्धा नाही. मुलीच्या लग्नात मात्र धवला झालाच नव्हता, आणि निदान रिसेप्शनला तरी तो व्हावा असं मला मनापासून वाटत होतं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेले. ती ओटीवर जवळा निवडत होती. चार मिनिटं गा म्हटलं.

"हलदीचा धवला हलदीला, मांडवाचा मांडवाला," ती मान वर न करता म्हणाली. "नवरी तर गेली तिच्या घरी. आता कशाचा गावू?"

माझं डोकंच फिरलं. हिलाही भाव खायचाय तर. "अगं, कशाचाही गा. त्यांना कुठे कळतंय?"

तिने निवडलेला जवळा सुपात सारला. "मी जेवायला येन," एवढंच म्हणाली.

माइक हातात आला की सगळेच विरघळतात, असा माझा अनुभव. मी यादीतलं तिचं नाव काढलं नाही.

रिसेप्शनला जावेचा नाच संपला आणि गाण्यांनंतरही माइक न सोडलेल्या नणंदेच्या यजमानांनी आत्याचं नाव पुकारलं. टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेत आत्या जागची हलली नाही. मी दात-ओठ खात तिच्यापाशी गेले, वाकून म्हटलं, "आत्या, सगळे थांबलेत गं."

"हलदीच्या आदी दोन दिस मी थंड पानी नाय प्यायले, आवाज लागावा म्हनून," ती हळूच म्हणाली. "डीजे वाजत व्हता, मी खुर्चीत बसून व्हते. तू धा येला माज्यापुढून गेलीस, बाय. एकदा तरी बोललीस का, गा म्हनून?"

ती खुर्ची मला आठवली. जाता जाता मी तिला 'जेवून घे' म्हटलं होतं. माझी मलाच लाज वाटली.

मागून विहीणबाई आल्या. "काय झालं हो?"

"काही नाही," मी म्हटलं. "घसा बसलाय तिचा."

आत्या शेजारीच होती. तिने ऐकलं.