निळ्यावरचा ठिपका

मी मुळशीत मास्तर होतो. आमच्या शाळेचा शिपाई दुसऱ्या महायुद्धात इटलीला लढून आलेला. जगाचा नकाशा तो नीट टांगायचा, जिल्ह्याचा मात्र धाडकन. मग धरणाच्या निळ्या रंगावर खडूने ठिपका द्यायचा. मी तो रोज पुसायचो.

एकदा तपासणीला आलेले साहेब भडकले, "नकाशा कुणी घाण केला?"

"म्या," शिपाई म्हणाला. "तितं माजं गाव हाय."

"तिथं पाणी आहे."

"पान्याखाली हाय! इटलीत एकेका गावापायी आमची पोरं मेली, सायेब. माजं गाव घ्यायला नुसती नोटीस पुरली!"

साहेब माझ्याकडे वळून ओरडले, "पुसा ते!"

इतकी वर्षं मीच पुसत आलो होतो. त्या दिवशी फडकं साहेबांच्या हातात दिलं.