ऋषीच्या भाजीतली शिराळी

आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि शिराळ्याच्या वेलाबद्दल लिहायला माझ्याहून खूप शिकलेली माणसं आहेत. तरी ते वर्ष डोक्यातून जात नाही, म्हणून धीर करतो आहे. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी तेव्हा भाजीपाला शास्त्रात एम.एस्सी. करत होतो. गावाकडचं शिराळं चवीला छान, पण त्यावर केवडा लवकर पडतो. म्हणजे पानांवर पिवळे डाग येतात आणि वेल बसतो. केवड्याला दाद न देणाऱ्या दुसऱ्या वाणाशी त्याचा संकर करायचा आणि त्या बियांची रोपं उगवून तपासायची, हे माझं काम. पण पावसात कॉलेजच्या प्लॉटवर पाणी साचलं आणि वेल मुळातून कुजले. मुंबईत चारकोपला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मी दोन्ही वाणांचे जादा वेल ड्रममध्ये लावले होते. माझ्या गाईड मॅडम म्हणाल्या, "तिथे फळ धरलं तर बघू. नाहीतर हे वर्ष गेलंच समज."

वर्ष जाऊन चालणार नव्हतं. इंडस्ट्रियल इस्टेटमधली बाबांची नोकरी संपत आली होती. ते जेवताना मधूनच विचारायचे, "यंदा संपतंय ना रे?" मी "हो" म्हणायचो आणि आमटी वाढून घ्यायचो. पुढच्या वर्षी मी कुठेतरी नोकरीला लागणार, असं घरात सगळेच धरून चालले होते.

शिराळ्याचं फूल संध्याकाळी उमलतं. त्यामुळे दुपारनंतर माझं कशात लक्ष लागायचं नाही. कॉलेजातून सुटलो की थेट गच्ची. सकाळी कागदी पिशवी घालून ठेवलेली मादी कळी उघडायची, दुसऱ्या वाणाच्या नर फुलाचे पराग तिला लावायचे, पिशवी परत घालायची. फळ धरलं की पिशवी काढून देठाला खूण बांधायची आणि बी तयार होईपर्यंत ते वेलावरच वाळू द्यायचं. कागदी चिठ्ठ्या पावसात गळून पडायच्या. म्हणून आईच्या पूजेच्या डब्यातला लाल नाडा घेतला. भिजला तरी टिकायचा.

आई म्हणायची, "मेल्या, भाजी शिकूक इतकी वर्सां लागतत?"

ऋषीपंचमीला दुपारी वरच्या मजल्यावरच्या काकू वाटी घेऊन आल्या. "घ्या, ऋषीची भाजी. शिराळी तुझीच हां."

"कुठली शिराळी, काकू?"

"दोऱ्याची रे! देवासाठीच राखून ठेवलेलीस ना? पूजेचा नाडा बघून लगेच कळलं मला. बाकीच्यांना हात नाही लावला हो." मग आईकडे वळून, "आज बैलाच्या कष्टाचं चालत नाही. बाजारात कुणाला विचारणार, बैल होता का म्हणून? ड्रममध्ये कुठला आलाय बैल!"

"बैल नाय कसो?" आई हसत माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "ह्यो आसा मां. रोज राबता थंय."

दोघी हसल्या. मी जिना चढत गेलो. नाडा बांधलेलं एकही फळ उरलं नव्हतं. बिनसंकराची शिराळी मात्र जागच्या जागी लोंबत होती. आदल्या संध्याकाळी परागण केलेल्या एका कळीवर अजून पिशवी होती, म्हणून ती काकूंच्या नजरेतून सुटली. ते फळ धरेल की पिवळं पडून गळेल, सांगता येत नव्हतं. वेलही थकले होते, पुढे एकही नवी मादी कळी आली नाही.

खाली येऊन भाजी खाल्ली. चव चांगली होती. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

मॅडमना सांगितलं तेव्हा त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, "पूजेचा नाडा? अरे, प्लॅस्टिकचे टॅग मागायचे होतेस ना!" मागायचा धीर झाला नव्हता.

ते एक फळ धरलं. वाकडं, बारकं. ते वाळेपर्यंत मी दिवसातून कितीदा गच्चीवर जायचो, ते सोसायटीच्या वॉचमनला विचारावं. बी काढून मॅडमकडे दिलं. पण शिराळ्याचं ताजं बी झोपेत असतं, लगेच रुजत नाही. काही आठवडे थांबून ते ट्रेमध्ये पेरलं आणि मी रोज जाऊन बघायला लागलो. मातीच दिसायची. शेवटी मॅडमनी मला तिथे यायला बंदी केली. "उकरून बघशील तू," त्या म्हणाल्या. त्याऐवजी पहिल्या वर्षाच्या मुलांचं प्रॅक्टिकल माझ्यावर टाकलं.

भेंडीचं फूल चिमट्याने उघडून दाखवताना मी एकच वाक्य दोन-दोनदा सांगायचो. एका मुलीने विचारलं, "सर, तुम्हाला बरं नाहीये का?" मला सर म्हणणारी ती पहिलीच. तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"रुजली," मॅडम म्हणाल्या. "सगळी नाहीत, पण पुरतील. यंदाच होईल तुझं एम.एस्सी. घरी कळव."