ट्रे धरणारी ग्रंथपाल

"तुमचे वडील पंचवटीत भाजी विकायचे ना? मग उभं राहायची सवय घरातच असेल."

प्राचार्य हे माईकवर बोलले नाहीत. माईकपासून जरा बाजूला होऊन, हसत बोलले. पण पहिल्या तीन रांगांना ऐकू गेलं. पहिल्या तीन रांगा हसल्या.

माझ्या हातात ट्रे होता. त्यात शाल, नारळ, गुलाबाची फुलं. मी विचारलं होतं इतकंच, "सर, मी आता खाली बसू का?"

सभागृह गंगापूर रोडवरच्या आमच्या कॉलेजचं. मागच्या बॅनरवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: 'ग्रंथालय व्यावसायिकांसाठी नेतृत्व विकास कार्यशाळा'. समोर जिल्ह्यातले चाळीसेक ग्रंथपाल. मी या कॉलेजची ग्रंथपाल. एम.लिब. झालेली, सेट परीक्षा पास झालेली. कार्यशाळेचा प्रस्ताव मी लिहिलेला, व्याख्यात्या बाई मी ठरवलेल्या, नोंदणीच्या यादीत पहिलं नाव माझं. आणि मला खुर्ची नाही. म्हणजे होती. तिच्यावर संस्थेच्या सचिवांच्या सूनबाई बसल्या होत्या. त्यांना सर्टिफिकेट हवं होतं.

आमच्याकडे कार्यक्रम म्हटला की ग्रंथालयाची माणसं उचलतात. स्नेहसंमेलन, जयंती, कुणी पाहुणे, काहीही असो. प्राध्यापकांना तास असतात, क्लार्कना ऑफिस असतं. "तुमची पुस्तकं काय पळून जाणारेत का?" असं तोंडावर विचारतात. मग आम्ही ग्रंथालयाला कुलूप लावायचं आणि सभागृहाच्या दारात फुलं घेऊन उभं राहायचं. साडी नेसून या, हेही वर सांगतात.

आणि मी काय केलं? दर वेळी कागदावर 'कार्यक्रमानिमित्त ग्रंथालय बंद' लिहायचा कंटाळा आला, म्हणून कायमची पाटी करून घेतली. निळ्या अक्षरांत. कार्यक्रम आला की खिळ्याला टांगायची. मला वाटायचं, किती नीटनेटकं काम करते मी! ती पाटी मला कुणी करायला सांगितली नव्हती. आजही आठवलं की स्वतःचीच चीड येते.

त्या दिवशीही पाटी टांगूनच आले होते. पायरीवर पेठ-सुरगाण्याकडच्या चार पोरी बसलेल्या. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या. होस्टेलच्या एका खोलीत सहा-सहा जणी राहतात, वाचायला जागा म्हणजे आमचं ग्रंथालय. एकीनं विचारलं, "मॅडम, आज पण बंद?"

मी म्हटलं, "आज आमचं नेतृत्वाचं ट्रेनिंग आहे."

असं म्हणाले आणि निघून आले.

तर पहिल्या तीन रांगा हसल्या. मी तशीच उभी. कडेच्या खुर्चीवर सटाण्याच्या एक वयस्क ग्रंथपाल बाई होत्या. हळूच म्हणाल्या, "जाऊ दे बाई. आमनाकडे बी असंच शे."

त्या धीर देत होत्या. मला तो धीरच झोंबला. चाळीस कॉलेजं, चाळीस ग्रंथपाल, आणि सगळीकडे असंच. आणि आम्ही सगळे मिळून नेतृत्व शिकायला बसलेले.

मी ट्रे स्टेजवरच्या टेबलावर ठेवला. "सर, मी प्रशिक्षणाला आलेय. ट्रे मी धरणार नाही."

हसणं थांबलं. प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "मग मामांकडे द्या."

मामा म्हणजे निवृत्तीमामा. आमचे ग्रंथालय परिचर, मखमलाबादचे. तीस वर्षं पुस्तकं लावतायत. कॉम्प्युटरला सापडत नाही ते पुस्तक मामांना सापडतं. स्टेजच्या कडेला उभ्या मामांनी हात पुढे केलेच होते, सवयीनं. आणि खोटं का बोलू, माझाही हात ट्रेकडे गेला होता. त्यांना द्यायला. किती सोपं होतं! आपल्याला नको ते खालच्याच्या हातात द्यायचं आणि आपण मान ताठ करायची. दोन वर्षं मी या माणसाला पोरांसमोर चहा आणायला पिटाळत होते. "अहो मामा, लवकर" म्हणत. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

मी हात मागे घेतला. पर्समधून किल्ल्या काढल्या.

"मामा, ग्रंथालय उघडा. पोरी पायरीवर बसल्यात."

मामा गडबडले. "पन साहेबांनी नाय सांगितलं."

"मी सांगतेय."

"मंग ठीक हाय," मामा म्हणाले आणि मधल्या वाटेनं, सगळ्यांच्या देखत चालत गेले.

मी सूनबाईंपाशी गेले. "ही माझी जागा आहे." त्या उठल्या. चेहऱ्यावर राग नव्हता, नवल होतं. त्यांना आजवर कुणी उठवलंच नसावं. शाल शेवटी प्राचार्यांनी स्वतःच्या हातानं टेबलावरून उचलली.

पुढच्या आठवड्यात केबिनमध्ये बोलावणं आलं. मला कायम व्हायला दोन महिने राहिले होते. आमच्या घरात नोकरीला लागलेली मी पहिली. आईचे पेढे वाटून झालेले. प्राचार्यांना हे सगळं ठाऊक.

टाईप केलेला कागद समोर सरकवला. 'परिचरांनी माझ्या परवानगीशिवाय ग्रंथालय उघडून कार्यक्रमात व्यत्यय आणला. त्यांच्यावर कारवाई व्हावी.' खाली माझ्या सहीची जागा.

"करा सही," अगदी घरच्यासारखं बोलले. "तुमचं कन्फर्मेशन संस्थेच्या येत्या मीटिंगलाच घेऊ. मामा काय, वर्षभरात घरीच जातायत."

मी म्हटलं, "दोन मिनिटं द्या." बाहेर आले. मामा दारातच होते. त्यांना आधीच कळलेलं.

"करून टाका मॅडम. मी म्हातारा मानूस. तुमचं लय आयुष्य पडलंय."

रडू येत होतं, पण त्याहून जास्त संताप येत होता. हा माणूस स्वतःच्या अपमानाचा कागद मला सही करायला सांगतोय, माझ्या भल्यासाठी. आणि आत बसलेल्याला खात्री आहे की मी करीन. दोन वर्षांत मी त्याला दुसरं काही दाखवलंच नव्हतं.

आत गेले. त्यांच्याच टेबलावरचं पेन घेतलं. टाईप केलेल्या मजकुरावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: 'ग्रंथालय माझ्या आदेशावरून उघडले. परिचरांचा दोष नाही. यापुढे कामाच्या वेळेत कोणत्याही कार्यक्रमासाठी ते बंद राहणार नाही.' सही. तारीख. वेळ.

"झेरॉक्स काढून आणते. त्यावर पोच द्या."

"नोकरी जाईल बाई," ते म्हणाले.

जाऊ शकते. घरी सांगितलंय. आई दोन दिवस बोलली नाही. मला भीती वाटते, रोज वाटते. पण काढायचं तर मला काढा, लेखी काढा. काढेपर्यंत या ग्रंथालयाची ग्रंथपाल मी आहे. ते रोज सकाळी दहाला उघडेल.