गार हवेची वाट बघणारी माणसं

गाडीचा एसी बिघडला की माणूस मोकळं बोलायला लागतो. ब्रेक बिघडलेला बोलत नाही, तो घाबरलेला असतो. एसीवाला नुसता वैतागलेला असतो. त्यात गाडी उघडून ठेवलेली आणि बाहेर उन्हात डांबर पाण्यासारखं हलतंय, मग जाणार कुठे? बाकड्यावर बसतो, चहा घेतो, बोलतो. दोन हजार सालाच्या आगेमागे दोहाच्या इंडस्ट्रियल एरियात इब्राहिमभाईंच्या गॅरेजमध्ये मी कामाला होतो. भाई रत्नागिरीकडचे, मी वसईचा. गाड्यांचे एसी, एवढंच आमचं काम. किस्से आम्ही जमवले नाहीत. बारीक वाळूसारखे ते आपले आत येऊन बसले.

एक कुलकर्णी होते, कुठल्याशा कंपनीत अकाउंट्स बघायचे. एसी चालतो पण गाडी गार होत नाही, ही तक्रार. दोन गॅरेजवाल्यांनी कॉम्प्रेसर गेला म्हणून सांगितलेलं. भाई आत बसले, डॅशबोर्डवरचं एक बटण दाबलं आणि म्हणाले, "आता बगा."

पाच मिनिटांत गाडी गारेगार.

"तुम्ही बाहेरची गरम हवा आत घेत होता, साहेब. गाडी नाय, अख्खा कतार थंड करत होता."

मागच्या सीटवर मिसेस कुलकर्णी वर्तमानपत्राने वारा घेत होत्या. त्यांनी घडी घालून पेपर मांडीवर ठेवला. "मे महिन्यापासून सांगतेय, ते बटण दाबून बघा."

कुलकर्णी गार गाडीतून उतरून पैसे द्यायला उन्हात येऊन उभे राहिले.

* * *

सूक वाकिफच्या जुन्या बाजारात मसाल्याचं दुकान असलेल्या श्रीवर्धनच्या रशीदची व्हॅन आली. पंखा फुल, पण हवा म्हणजे नुसती फुंकर. डॅशबोर्ड खोलला. आतली गार जाळी वाळू, हळद आणि जिऱ्याच्या भुकटीने लिंपून गेली होती. पाण्याचा फवारा मारला तर पिवळा ओहोळ निघाला. असा वास सुटला की आम्ही हातातलं काम थांबवून नुसते उभे राहिलो. मला आईच्या हातची आमटी दिसायला लागली.

शेजारच्या गॅरेजमधला पठाण हात पुसत आला. "किसके घर में खाना बन रहा है?"

"सबके," भाई म्हणाले.

* * *

फिलोमिना आमच्या वसईची, हॉस्पिटलात नर्स. तिच्या गाडीत जो तो गॅस भरून द्यायचा, आणि दोन दिवसांत परत तेच.

भाईंनी एवढंच विचारलं, "गरम कधी होतं?"

"सिग्नलला थांबले की."

"आणि गाडी पळताना?"

"गार."

भाईंनी बोनेट उघडलं. पुढचा पंखा फिरतच नव्हता. गाडी पळते तेव्हा वारा पंख्याचं काम करतो, थांबली की कोण करणार? पंखा बदलला आणि इंजिन चालू ठेवून तिला आत बसवलं, गार होतंय का बघायला. नाइट ड्युटी करून थेट आली होती बिचारी. बसल्या बसल्या झोपली.

आम्ही तिला उठवलं नाही. दुपारची अजान झाली तेव्हा तिने अर्धवट डोळे उघडले आणि भाईंकडे बघत म्हणाली, "आई, किती वाजले?"

भाई हळूच म्हणाले, "झोप बाय, अजून वेळ हाय."



* * *

दोहापासून दूर, रास लफानला प्लँटच्या कंट्रोल रूममध्ये बसणारे एक इंजिनियर मुलीला घेऊन आले. मूळचे संगमेश्वरचे. गॅस कुठून गळतोय ते सापडत नव्हतं. अशा वेळी आम्ही गॅसबरोबर एक रंग सोडायचो. मग शटर ओढून अंधार करायचा आणि निळा दिवा धरायचा. जिथे गळती, तिथे हिरवा ठिपका चमकतो.

ठिपका चमकला. वडील म्हणाले, "काजवा."

"व्हॉट्स काजवा?" मुलीने विचारलं. मराठी तिला समजायची, बोलायची इंग्लिशमध्ये.

मग त्या अंधारात त्यांनी सांगितलं. पावसाच्या तोंडावर एकेका झाडावर हजारो बसतात. अख्खं झाड एकदम पेटतं, एकदम विझतं.

"हू स्विचेस इट ऑन?"

वडील ठिपक्यापाशी वाकले. "माहीत नाही गं," म्हणाले.

* * *

आणि एक कतारी बाबा. खूप म्हातारे. मुलांनी घेऊन दिलेली नवीकोरी मोठी गाडी घेऊन आले. तरुणपणी गलबतावरून मुंबईला जाऊन-येऊन असल्यामुळे हिंदी चांगलं बोलायचे. "एसी देखो," एवढंच म्हणाले.

भाईंनी थर्मामीटर लावला, गॅसचं प्रेशर बघितलं. एसी असा गार की काचांवर बाहेरून दव धरलं.

"बाबा, इसमें कुछ खराबी नहीं."

"मालूम है. खराब करो."

भाईंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

बाबा शांतपणे म्हणाले, "जुम्मे को बच्चों को समुंदर पे ले जाता हूँ. कोई शीशा नहीं खोलता."

चालू एसी बिघडवायचा? भाईंनी फ्यूजचा डबा उघडला. मग त्यांनी एसीचा फ्यूज ओढून काढला, नखाएवढा, आणि बाबांच्या तळहातावर ठेवला. "जब ठंडा चाहिए, वापस लगा देना."

"शुक्रन," म्हणत बाबांनी फ्यूज खिशात टाकला, चारही काचा उतरवल्या आणि गेले.

त्या संध्याकाळी भाईंच्या गाडीतून आम्ही घरी निघालो. नेहमीचा रस्ता सोडून त्यांनी गाडी समुद्राकाठच्या कॉर्निशकडे वळवली, एसी बंद केला आणि काच खाली केली. खारी, दमट, गरम हवा आत शिरली.

"भाई, एसीला काय झालं?"

"काय नाय," ते समुद्राकडे बघत म्हणाले. "तुझी पण काच खाली कर."